छगनकाकाच्या डब्यातलं पीठ

ऐक ना वैशाली, आधी नुसतं ऐक. मध्ये तुझं ते 'पण' लावू नको. चहा थंड झाला तर होऊ दे. माझे पाय इतके दुखतायत ना, एकदा उठले तर परत बसून हे सांगायची ताकद नाय राहायची.

छगनकाका तुला माहितीय, आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याची चक्की आहे तो. निळं शटर, आणि भुवयांवर कायम पीठ. शिंदखेड्याकडून आला तेव्हा लूमवर कापड विणायचा, मग ही चक्की टाकली. आमचं उधना असं नव्हतं म्हणे तेव्हा, डबे ठेवायला जागा नसायची, बायका रस्त्यावर बसून राहायच्या नंबर लावून. आता काका एकटाच बसतो. मी कामावरून येताना दिसले की ओरडतो, "आली बघा, मेलेल्या पिठाची मालकीण."

कारण मी कुठं कामाला आहे? तू म्हणतेस ॲपवाल्यांकडं. पण ॲप-बिप मला काय दिसत नाय ग, मला रॅक दिसतात. हातात स्कॅनर, स्क्रीनवर नाव आणि सामान येतं, पळायचं, उचलायचं, टेबलावर टाकायचं, की दुसरं नाव. दहा मिनिटांत सामान म्हणतात ना, त्या दहा मिनिटांतली सुरुवातीची माझ्या पायांची असतात. आणि सगळ्यात खालच्या रॅकवर काय ठेवलंय? पिठाची पाकिटं. पाच-पाच किलोची. दिवसभर सगळ्यात जास्त वाकायला लावतं ते पीठच.

आता आमच्याच एरियाच्या ऑर्डरी, म्हणजे कुणाच्या घरी काय शिजतं ते मला कुणी न सांगता कळतं. उषाबाईंनी पाकीट मागवलं, समोरच्यांनी मागवलं, वरच्या मजल्यावरच्यांनी मागवलं. आमची मम्मीच मागवते. मी कुणाला नावं ठेवत नाय हां. मम्मी दिवसभर साड्यांना लेस लावत बसते, संध्याकाळी तिची मान वळत नाय. त्यात गहू आणा, निवडा, डबा काखेत घेऊन चक्कीवर जा, काका जेवायला गेला असेल तर परत या. कुणात एवढा जीव उरलाय? बोट लावलं की पीठ दारात.

आणि खरं सांगू का, अजून एक होतं. काकाचं पीठ किचकिचायला लागलं होतं. चक्कीच्या दगडाला टाकी लावावी लागते, माहितीय तुला? छिन्नीनं खाचा पाडून दगड परत धारदार करतात. तो टाकीवाला म्हातारा गावी गेला तो आलाच नाय. दुसरा काकानं शोधला नाय, आणि डोळ्यांनी त्याला स्वतःला दिसत नाय. बोथट दगड एकमेकांवर घासून बारीक कण पिठात उतरायचे, पोळी खाल्ली की दाताखाली कच् व्हायचं. गल्लीत सगळ्यांना माहिती होतं. पण एवढ्या वर्षांच्या माणसाला तोंडावर कोण सांगणार, की काका, तुझं पीठ खराब येतं? त्यापेक्षा ॲप सोपं पडलं. ॲपला काय सांगावं लागत नाय.

आता ऐक. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस स्क्रीनवर नाव आलं, जयश्री दीपक. पत्ता, चक्कीच्या मागे. मी म्हटलं दुसरी कोणी असेल. पीठ पाच किलो. चक्कीच्या मागे दुसरं घरच कुठाय ग? काकाची सून. दीपकभाऊची बायको.

दोन-तीनदा तसंच आलं, आणि मग भाजीच्या गाडीवर जयश्रीवहिनीनं मला धरलं. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच. म्हणते, "वर्षा, तिथं तूच असतेस ना? त्या पोराला सांगशील का, पुढून नको येऊ, मागच्या बोळातून ये. आणि बेल नको वाजवू."

मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या घरात चक्की आहे."

तर ती हसली. दमलेली माणसं हसतात ना, तोंड हसतं आणि डोळे तिथंच, तसं. म्हणाली, "माझा पोरगा जेवताना घास थुंकतो. मामांना कसं सांगू? सुनेनं सांगायचं की तुमच्या चक्कीचं पीठ खाल्लं जात नाही?"

मग ती काय करायची, तर काका दळून द्यायचा ते पीठ गायीच्या गोळ्यांना, आणि पाकिटातलं ओतायची काकाच्या स्टीलच्या डब्यात. तोच डबा, तेच झाकण. आणि काका जेवून बाहेर यायचा, ओट्यावर बसायचा आणि अख्ख्या गल्लीला ऐकवायचा, "घास तोंडात घातला की सांगतो मी. पाकिटाचं पीठ जिभेवर मेलेलं लागतं. चक्कीचं ते चक्कीचं."

मी तिथून जाताना खाली बघून जायचे. हसू पण यायचं आणि काय तरी वेगळं पण यायचं.

तर असं चाललेलं. मग पावसाळ्याच्या तोंडावर कळलं की काका चक्की विकतोय. कडोदऱ्याचा एक माणूस मोटर, दगड, सगळं घेऊन जाणार. सौदा झाला. टेम्पो कधी येणार, तर कानबाई झाल्यावर सोमवारी. काका काय बोलायचा नाय त्याच्यावर, नुसता खोकायचा. तो खोकला पण जुना, पिठाचा.

तुमच्या परभणीकडं कानबाई नसते ना? आमच्या खानदेशात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी कानबाई देवी बसते. आणि तिचा रोट असतो, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या. रोटाचं कसं, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे. पपांच्या नावाचे, माझ्या भावाच्या, लखनच्या नावाचे, नाशिकच्या काकांच्या नातवाच्या नावाचे, जो अजून रांगत पण नाय. माझ्या नावाची मूठ नसते, विचारू नको, मी मम्मीला विचारून झालंय. तर ते गहू शनिवारी दळायचे, आणि त्यासाठी चक्की धुवावी लागते. म्हणजे दगड उघडून आधीचं सगळं पीठ झाडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, सुकवायचं, हळदकुंकू लावायचं, आणि मग फक्त रोटाचंच दळण. पाकीट चालत नाय, कारण त्या पाकिटात आमच्या लखनची मूठ कुठाय?

छगनकाका दरवर्षी धुवायचा. आंघोळ करून, नवा लेंगा घालून. अख्खं वर्ष पाकीट खाणाऱ्या बायका त्या एका शनिवारी डबे घेऊन त्याच्या दारात.

या वर्षी पण गेल्या. मी हाफ डे टाकला होता कारण मम्मीच्या मानेचं दुखणं वाढलेलं, डबा मला उचलायचा होता. जाऊन बघते तर शटर अर्धं वर, काका ओट्यावर, आणि समोर सगळ्या बायका उभ्या. सगळे अहिराणीत बोलत होते, मी तुला समजेल असं सांगते.

मम्मी म्हणाली, "भाऊ, दळण."

काका म्हणाला, "चक्की बंद आहे."

"बंद म्हणजे? आज शनिवार आहे."

"माहितीय मला कोणता वार आहे ते. चक्की विकली."

उषाबाई पुढं झाल्या. त्यांचं तोंड तुला माहितीय. "अरे भाऊ, सोमवारी विक, तुला कोण अडवतंय. आज धू. कडोदऱ्याचा माणूस काय धुतलेली चक्की घेणार नाही का?"

कुणीतरी हसलं. काका नाय हसला.

"वर्षभर या शटरसमोरून पोरं थैल्या घेऊन पळतात," तो म्हणाला. "मी काय बोलतो का कुणाला? बसून बघतो. तेव्हा चक्की कुणाला आठवत नाही. आज आठवली. कानबाईला सांगा, छगन म्हातारा झाला, पाकिटाचा रोट खा."

"तसं बोलू नको," मम्मी म्हणाली.

"का नको? तुम्ही सगळ्या पाकिटावर जगता, ती एक दिवस नाही खाणार?"

उषाबाई पण कमी नाय. "आणि तू दुपारी शटर पाडून झोपतोस ते? सकाळी डबा ठेवला की संध्याकाळी मिळतो. पोरांना काय संध्याकाळी जेवू घालायचं? तुझ्याकडं चक्की आहे, आमच्याकडं वेळ नाही, दोघांचं बरोबर आहे, आता उठ."

खोकला आला काकाला. बराच वेळ आला. मम्मी मला म्हणाली, लिंबायतला जाऊन बघू का. मी फोन लावला तर तिथल्या चक्कीवाल्यानं नंबर घेणंच बंद केलेलं, सकाळपासून लाइन होती. मेन रोडवरच्याकडं मसाले दळतात, तो काय आज थांबून धुणार? मम्मीनं डबा माझ्या हातातून घेतला आणि पदराखाली धरला, जसं काय कोणी हिसकावून घेणार होतं. तिला ना एकच भीती होती, गहू मोजून झालेले. मोजलेली मूठ परत पोत्यात टाकत नाहीत. मागं एका घरात तसं झालं होतं आणि मग काय काय झालं ते ती दरवर्षी सांगते.

मग काका एकदम म्हणाला, "ठीक आहे. एक घर दाखवा."

"कसलं घर?"

"या गल्लीतलं एक घर. जिथं पाकीट गेलं नाही, एकदाही नाही. त्या एका घरासाठी मी चक्की धुतो. आणि एकदा धुतली की सगळ्यांचं दळतो. पण खोटं नको. शोभाबाईची पोर, वर्षा, उभी आहे इथंच, ती तिकडंच कामाला आहे. तिला विचारून घेतो."

वैशू, तू असायला पाहिजे होतीस. सगळ्यांच्या माना खाली. प्रत्येक बाई आपल्या आपल्या डब्याकडं बघतेय. आणि मी मधे उभी, आणि मला प्रत्येकीचं माहिती, कोण कोणतं घेतं, कोण ऑफर लागली की दोन घेतं. मी कुणाकडं बघितलं असतं ना तर ती मेली असती. मी वर पत्र्याकडं बघत बसले.

आणि उषाबाई म्हणाल्या, "एक घर आहे."

"कुणाचं?"

"तुझं."

 मग काकाच्या तोंडावर जे आलं ना, हळूहळू, ते मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे त्याला हे सुचलंच नव्हतं. "हां," तो म्हणाला, "माझं घर आहे की. माझ्या घरात पण रोट आहेच." सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, आहे ना, आहे ना, उठ आता. तो उठला पण. गुडघ्यावर हात ठेवून उठला, आणि मग थांबला. बोललेला शब्द होता ना त्याचा, विचारून घेतो म्हणून. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, अगदी मजेत, कारण उत्तर काय येणार ते त्याला माहितीच होतं.

"खरं सांग वं पोर, मन्हा घरमा पाकीट उनं का कधी?"

म्हणजे, माझ्या घरात पाकीट आलं का कधी.

जयश्रीवहिनी आतल्या दारात उभी होती. कडेवर पोरगा. काय इशारा नाय, काय नाय, नुसती उभी, दारासारखी. आणि मम्मी माझ्या बाजूला, डब्यावर दोन्ही हात. मम्मीचं एक आहे, रोटाच्या गव्हापाशी खोटं बोलू नये, ज्याच्या नावाची मूठ आहे त्याला लागतं. पपांची मूठ त्यात. लखनची मूठ त्यात. मला सगळं एका टायमाला दिसत होतं बघ, तो स्टीलचा डबा, खालचा रॅक, आणि हा म्हातारा नवा लेंगा घालून उभा. म्हणजे बघ ना, चक्की धुवायची नव्हती म्हणे, पण लेंगा नवा घातला होता.

मी बाहेर कधी अहिराणी बोलत नाय, तू हसतेस म्हणून. पण तेव्हा तेच आलं तोंडातून.

"नही काका. नही उनं."

बस. काकानं शटर पूर्ण वर केलं. जसं काय कुणी दहा वर्षं काढून घेतली त्याच्या अंगावरची. मला म्हणाला, चल, हात लाव. आम्ही वरचा दगड उचलला, मी आणि अजून दोघी. खालचा दगड मी बघितला, वैशू. गुळगुळीत. आपल्या बाथरूमच्या फरशीसारखा. खाच म्हणून नावाला उरली नव्हती. काका त्यावरून ओलं फडकं फिरवत होता, प्रेमानं, आणि खोकत होता, आणि पीठ असं उडत होतं की समोरच्या बायकांचे चेहरे दिसत नव्हते. मी म्हटलं, काका, तोंडाला काही बांधा. तर म्हणाला, "चक्कीवाल्याला चक्कीचं पीठ बाधतं का कधी?"

मग हळदकुंकू, नारळ, आणि संध्याकाळपर्यंत दळण. पहिलं त्याच्या घरचं. मग आमचं. मम्मी रस्त्यात रडायलाच लागली, मान दुखते म्हणून की काय म्हणून, मी विचारलं नाय.

रविवारी कानबाई बसली. सगळे भाऊबंद आले, पुरण झालं, खीर झाली. मी घास घेतला.

कच्.

मी सगळ्यांकडं बघितलं. पपा चावत होते. नाशिकचे काका चावत होते. लखननं माझ्याकडं बघितलं आणि परत ताटात बघितलं.  रोट टाकायचा नसतो ना, आणि घराबाहेर कुणाला द्यायचा पण नसतो, पौर्णिमेच्या आत आपणच संपवायचा. संपवला आम्ही. रोज थोडा थोडा. तेव्हापासून दात घासले तरी मला ते जाणवतं.

तुला वाटेल झालं, गोष्ट संपली. मला पण वाटलं होतं.

सोमवारी मी कामावर निघाले तर टेम्पो उभा. कडोदऱ्याचा माणूस हात हलवून हलवून बोलतोय आणि काका ओट्यावर मांडी घालून. "नाही विकायची," म्हणतोय. "विचार बदलला. निदान एक घर तरी आहे. शोभाबाईच्या पोरीनं रोटाच्या गव्हापाशी सांगितलं सगळ्यांसमोर." मला बघितलं आणि हाक मारली, "ये, माय, ये." त्या दिवशी पहिल्यांदा मेलेल्या पिठाची मालकीण नाय म्हणाला. टेम्पो रिकामा गेला.

आता रोज सकाळी शटर वर. डबे नाहीत. कानबाई झाली, बायकांचं परत बोट आणि दार. पण तो दिवसभर मोटर मधे मधे चालू करतो, स्वतःच्या घरचं थोडं थोडं दळतो, म्हणतो दगड बसून राहिला की खराब होतो. आणि खोकला आता गल्लीच्या शेवटपर्यंत ऐकू येतो. आमच्या घरी टीव्ही लावला तरी.

परवा जयश्रीवहिनी भेटली. मी आपली हसले, मला वाटलं ती हात धरेल, म्हणेल वाचवलंस मला. ती थांबली पण नाय, चालता चालता बोलली.

"डॉक्टरनं सांगितलंय मामांना, पिठात बसू नका म्हणून. किती महिने मागं लागले, तेव्हा सौद्याला राजी झाले होते ते."

मी म्हटलं, "वहिनी, मी तर तुमच्यासाठी..."

"माहितीय ग," ती म्हणाली. "मी त्या दारात उभी राहून मन घट्ट करून ठेवलं होतं. तू हो म्हणशील, ते दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, गल्ली चार दिवस हसेल, आणि सोमवारी टेम्पो येईल. आणि तू म्हणालीस, नाही."

रागावली पण नाय, तेच तर. रागावली असती तर मी पण काहीतरी बोलले असते. म्हणाले असते, मग रोटाचं काय? माझ्या मम्मीचं काय? इतकं होतं तर तुम्हीच का नाय बोललात? पण ती इतकी दमलेली दिसत होती, आणि मी पण दहा तास उभी राहून आलेले. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता, मी बाजूला सरकले. मग ती गेली.

आणि आज. आज दुपारी स्क्रीनवर नाव आलं. जयश्री दीपक. पीठ पाच किलो. खाली सूचना लिहिलेली, मागच्या बोळातून, बेल नको. मी खाली वाकले आणि तिथंच बसले, रॅकच्या समोर, पाकीट मांडीवर घेऊन. स्कॅनर टूं टूं करत होता, सुपरवायझर गुजरातीत ओरडतोय, "वर्षाबेन, शुं थयुं, टाइम जाय छे." मला उठताच येईना. माझ्या डोक्यात एकच, हे पाकीट मी टेबलावर नाय टाकलं, स्वतः नेलं, पुढून गेले, काकाच्या ओट्यावर ठेवलं आणि म्हटलं, काका, हे घ्या, तुमच्या डब्यातलं, तर? चक्की सुटेल त्याची. खोकला पण सुटेल कदाचित. पण मग ओट्यावर बसून तो काय बोलेल? घास तोंडात घातला की सांगतो, हे तरी कुणाला सांगेल?

स्कॅन केलं मी. टेबलावर टाकलं. पोरगा घेऊन गेला, मागच्या बोळातून.

आणि मग येताना त्याच्या शटरसमोरून आले. तो म्हणाला, "ये, माय, बस. आज जेवण काय झालंय, तुला सांगू." मी म्हटलं, उशीर झालाय काका, आणि सरळ इथं तुझ्याकडं आले.

आता बोल. आता लाव तुझं 'पण'. त्या शनिवारी नाय तर नाय, आज दुपारी, ते पाकीट मांडीवर घेऊन, तू काय केलं असतंस?